गेटखालचा जुना दगडी बंधारा फोडावा का? गेजवर पाणी फुल, टेलला बोंब

रायबागचा_पोरगा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, आधी सगळं वाचा मग शिव्या घाला.

आमचं गाव कर्नाटकात, रायबाग तालुक्यात. जुन्या कॅनॉलची एक डिस्ट्रिब्युटरी, म्हणजे फाटा, आमच्या शिवारातनं जाते, तिच्या तोंडाला पाणी सोडायचा-अडवायचा दगडी रेग्युलेटर आहे, तीन गाळे, वर हातानं फिरवायची चक्री. आजोबा सांगायचे चुन्यातलं काम आहे, सिमेंट कुठंच नाही. तीन गेटांपैकी डावीकडचं मी शाळेत होतो तेव्हापासनं जाम, मधलं अर्ध्यावर येऊन अडतं, उजवीकडचं तेवढं नीट फिरतं. त्यामुळं पाणी सोडायची वेळ आली की गेटवाला उजवीकडचंच पूर्ण वर घेतो आणि मोकळा होतो.

रेग्युलेटरच्या खाली साधारण दोनशे फुटांवर कॅनॉलमध्येच आडवा दगडी बंधारा आहे, माथा दहा फूट लांब. ह्या दोघांच्या मधल्या डोहातनं वरच्या लोकांच्या शेतात पाणी न्यायच्या चार मोऱ्या निघतात. बंधाऱ्यावरनं जे सांडतं ते आमचं, म्हणजे टेलवाल्यांचं. पुढं अडीच किलोमीटर.

आता भानगड अशी की डोहातल्या पाणी मोजायच्या गेज पट्टीवर पाणी पूर्वी जेवढं असायचं तेवढंच दिसतं, बंधाऱ्याच्या माथ्यावर चांगलं दहा इंच, म्हणजे पाटबंधारे खात्याच्या हिशोबानं आम्हाला पूर्ण पाणी मिळतंय. पण टेलला चार वर्षांपूर्वी एका रात्रीत एक एकर ऊस भिजायचा तिथं आता दोन रात्री लागायलेत, आणि शेवटच्या तिघांनी तर ऊस सोडून जोंधळा आणि मका धरलाय. सेक्शन ऑफिसला गेलो तर पट्टीचा फोटो दाखवतात, बघा की फुल हाय म्हणतात.

गावात मीटिंग झाली. टेलवाल्यांचं म्हणणं, बंधाऱ्याचा माथा ब्रेकर लावून सहा इंच फोडायचा. वरच्यांचं म्हणणं, फोडलात तर डोकी फुटतील, आम्हीच अजून एक थर पोती लावणार. आणि माझं वेगळंच दुखणं, रेग्युलेटरच्या खाली उजव्या काठाला पाणी भोवऱ्यासारखं फिरतं आणि काठ खात खात माझ्या बांधापर्यंत आलंय. बांबू घालून बघितलं तर पाच फूट खड्डा.

फोडावा का नाही, एवढंच सांगा. ब्रेकर भाड्यानं सांगून ठेवलाय.

---

ऊसवाला_मामा

पोरा मी तुझ्या गावचा न्हाई पण मी पण वरचाच हाय, हेडचा, म्हणून सांगतो. टेलवाल्यांना कायम वाटतंय की वरच्यांनी पाणी खाल्लं. आमची मोरी ज्या उंचीला बसवलीय त्या उंचीला पाणी आलं तरच आत येतंय, तू माथा सहा इंच फोडलास तर आमच्या मोरीत बेडूक पण येणार न्हाई. मग आम्ही काय करायचं, मोटर लावायची, मग तुम्हीच अर्ज करणार की हे कॅनॉलवर मोटर लावून बसलेत म्हणून. ब्रेकरचं भाडं वाचव आणि त्यातनं दोन पोती खत आण.

---

रायबागचा_पोरगा

मामा भांडायला नाही आलो ओ. पण पट्टीवर पाणी आहे आणि शेतात नाही, मग ते जातंय कुठं ते तरी सांगा.

---

निवृत्त_ओव्हरसियर

ब्रेकर परत पाठव. आधी ते, मग पुढचं वाच.

मी घटप्रभेच्या कॅनॉलवर बरीच वर्षं काढली. घटप्रभा नदीवरचा धुपदाळचा बंधारा १८९७ सालचा, त्याच नदीवर वरच्या अंगाचं हिडकलचं धरण त्याच्या कितीतरी नंतरचं, १९७० च्या दशकातलं. म्हणजे मागं साठवण नसताना नदीला जेवढं येईल तेवढ्यावर कॅनॉल चालवायची सवय असलेल्या लोकांनी ही जुनी कामं केली. आज हिडकलमधनं सोडलेलं पाणी नदीतनं धुपदाळला येतं आणि तिथं वळवून डाव्या कालव्यात जातं. तुमचं रेग्युलेटर नेमकं कधीचं ते मला माहीत नाही, पण तीन गाळे, चुन्याचं काम आणि दोनशे फुटांवर आडवा बंधारा हा नमुना ओळखीचा आहे.

तो बंधारा तिथं का आहे ते आधी समजून घे, कारण गावात कुणालाच ते ठाऊक नसतं, सगळ्यांना वाटतं मोऱ्यांसाठी बांधला. मोऱ्यांसाठी आहेच. पण दुसरं कारण जास्त मोठं. गेटखालनं पाणी सुटतं ते पातळ थरात आणि जोरात येतं. ते पुढं कुठंतरी उसळी मारून जाड आणि संथ होतं, त्या उसळीत त्याचा जोर जिरतो. ही उसळी गेटखालच्या फरशीवर व्हायला पाहिजे, आणि तशी व्हायची असेल तर खाली पुरेसं उभं पाणी पाहिजे, गादीसारखं. ती गादी तो बंधारा धरून ठेवतो. माथा सहा इंच फोडलास की गादी सहा इंचांनी पातळ, उसळी फरशी सोडून पुढं सरकणार आणि उघड्या मातीवर जाऊन नाचणार. आज तुझा बांध जातोय, उद्या फरशीच्या खालची माती जाईल आणि चुन्यातलं रेग्युलेटर एका पावसाळ्यात बसेल. तीन गेटांचा प्रश्नच मिटला मग.

आता पाणी कुठं जातंय. मला वाटतं कुठंच जात नाही, येतच नाही. एक सांग, बंधाऱ्यावरनं पाणी खाली पडतं तेव्हा आवाज येतो का? पांढरा फेस दिसतो का? का वरचं पाणी आणि खालचं पाणी जवळजवळ सपाट दिसतं?

---

रायबागचा_पोरगा

काका सपाट. लहानपणी तिथं धबधबा असायचा, आम्ही पोहायचो आणि पाठीवर पाणी घ्यायचो. आता नुसतं सरकतंय. हे कधी झालं ते खरंच लक्षात नाही आलं.

---

निवृत्त_ओव्हरसियर

झालं तर मग. बंधारा बुडालाय.

असं बघ, दगडी रुंद माथ्याच्या बंधाऱ्यावरनं किती पाणी जातं हे वरच्या पाण्याच्या उंचीवरनं काढता येतं, पण एका अटीवर. खालचं पाणी माथ्याच्या वर फार चढलेलं नको. वर माथ्यापासनं जेवढं पाणी आहे त्याच्या दोन तृतीयांशापर्यंत खालचं पाणी चढलं तरी फरक पडत नाही. त्याच्या पुढं गेलं की खालचं पाणी वरच्याला मागं ढकलायला लागतं. म्हणजे पट्टीवर दहा इंच दिसतात, पण ते दहा इंच वाहणाऱ्या पाण्याचे नाहीत, निम्मे तुंबलेल्या पाण्याचे आहेत. ऑफिसचा फोटो खोटा नाही, फक्त बंधारा मोकळा सांडतोय असं धरून वाचलेला आहे.

तुझ्या बंधाऱ्याचं गणित फुटात सोपं आहे. माथ्याची लांबी गुणिले उंचीचा दीड घात गुणिले ३.१, उत्तर क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. दहा फुटी माथ्यावर

१ फूट असेल तर ३१ क्युसेक
१० इंच असेल तर साडेतेवीसच्या आसपास
८ इंच असेल तर १७
६ इंच असेल तर ११

बघ, एक फुटाचं निम्मं झालं की पाणी निम्मं होत नाही, तिसऱ्या हिश्श्यावर येतं. म्हणून ह्या बंधाऱ्यावर दोन इंचांची भांडणं होतात ती वेडेपणाची नसतात.

आता तू मोज. दोन पट्ट्या लाव, एक बंधाऱ्याच्या वर तीन-चार फूट मागं, माथ्यावर नको कारण तिथं पाणी आधीच खाली झुकलेलं असतं, आणि एक खाली, पाणी संथ झाल्यावर. दोन्हीचा शून्य माथ्याच्या लेव्हलला. लेव्हल नळीनं काढ, गवंड्याकडं असते ती. मग बंधाऱ्याच्या खाली सरळ पन्नास फूट पात्र बघ, दोन्ही टोकाला दोऱ्या बांध, पाण्याची प्लास्टिक बाटली निम्मी भरून सोड, रिकामी सोडू नकोस वारा ढकलतो. पाच वेळा सोड, सरासरी काढ. वरचं पाणी जरा जास्त पळतं म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ नं गुण. रुंदी आणि खोली तीन-चार ठिकाणी मोजून क्षेत्रफळ काढ, वेगानं गुणलं की क्युसेक. तासाभराचं काम आहे.

आणि मोजून झाल्यावर बंधाऱ्यापासनं खाली चालत जा, टेलपर्यंत. काहीतरी सापडणार.

---

वेदगंगेची_लेक

काकांचं बरोबर आहे. मी निपाणी भागातली, सिव्हिल डिप्लोमा केलाय, वडील पाणी संघात होते. तुमचं कॅनॉलचं आहे आमचं नदीचं, पण उजव्या काठाच्या खड्ड्याबद्दल मला बोलायचंय.

आमच्याकडं दूधगंगा वेदगंगेवर सगळे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, मलिकवाड-दत्तवाड ही नावं दर पावसाळ्यात पेपरात येतातच, पाण्याखाली गेले वाहतूक बंद म्हणून. पावसाळा संपला की गाळ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे. जुन्या पद्धतीत बर्ग्यांच्या दोन रांगा आणि मध्ये माती ठासायची म्हणजे गळत नाही. तर हे बर्गे काढताना आमचे वडील कायम ओरडायचे की एका टोकाचे गाळे पूर्ण मोकळे करू नका, सगळीकडनं एकेक बर्गा वरनं काढत चला. कारण एकाच बाजूनं पाणी सोडलं की ते सरळ जात नाही, दुसऱ्या बाजूला पाणी मोकळंच असतं ना, मग ते तिकडनं वळून मागं येतं, गोल फिरतं, आणि काठ कापतं. आमच्या खालच्या अंगाला एका शेतकऱ्याची दोन गुंठे मळी अशीच गेली, बर्गे काढायला माणसं कमी होती म्हणून दोन दिवसांत फक्त ह्या बाजूचे काढले होते.

तुमचं तेच चाललंय. तीन गाळ्यांतलं उजवं एकटंच पूर्ण उघडं. भोवरा तिथंच होणार.

डावं गेट दुरुस्त होईपर्यंत मधलं जेवढं उघडतं तेवढं उघडून उजवं त्याच्या बरोबरीला आणा. पाणी कमी पडलं तर मग उजवं थोडं जास्त. आणि कृपा करून त्या खड्ड्यात ट्रॉलीभर डबर ओतू नका, सगळे तेच करतात. सुटे छोटे दगड भोवऱ्यात जात्यातल्या दाण्यासारखे फिरतात आणि जी थोडी फरशी शिल्लक आहे तीच घासून काढतात. काठाला आधी मुरूम-खडीचा थर आणि त्यावर एकट्याला उचलणार नाही असा दगड, तळापासनं रचत वर. हे पण फरशी सोडून, काठालाच.

---

ऊसवाला_मामा

अक्का एक विचारू का, आमचा गेटवाला पाळी संपली की गेट एका दमात खाली टाकतो आणि दुसऱ्या दिवशी काठाची ढेकळं कॅनॉलात. ह्याचा काय संबंध?

---

वेदगंगेची_लेक

मामा आहे की संबंध. काळं रान ना तुमचं? पाणी आठ दिवस उभं असतं तेव्हा काठाची माती आतपर्यंत भिजून जड झालेली असते, बाहेरचं पाणी तिला टेकू देत असतं. गेट धाडकन टाकलं की टेकू गेला, आतलं पाणी मात्र काळ्या मातीतनं लवकर निघत नाही, मग ते वजन घेऊन काठ घसरतो. दोन-तीन टप्प्यांत गेट खाली घ्यायला सांगा, मध्ये काही तास जाऊ द्यात. गेटवाल्याला चहा पाजा म्हणजे तो थांबेल.

---

रायबागचा_पोरगा

तीन दिवसांनी लिहायलोय. मोजलं. चुलत्याची दोन पोरं आणि शाळेतली चार बारकी घेतली, पोरांना बाटली सोडायला लई मजा आली.

वरची पट्टी १० इंच. खालची पट्टी साडेनऊ. काका तुम्ही म्हणाला तसं, सपाट.

पात्र सरासरी ८ फूट रुंद, सव्वादोन फूट खोल, म्हणजे १८ चौरस फूट. पन्नास फुटाला सरासरी ५५ सेकंद. गुणाकार करून ०.८५ लावला तर १४ क्युसेक आलं. आणि पट्टीप्रमाणं साडेतेवीस पाहिजे होतं. म्हणजे साडेनऊ क्युसेक नुसतं कागदावर.

मग खाली चालत गेलो. बेशरम आणि पाणकणीस एवढं माजलंय की काही ठिकाणी पाणी दिसतच नाही. पण खरी गोष्ट बंधाऱ्यापासनं तीनशे फुटांवर. तिथं ऊसाचे ट्रॅक्टर पलीकडं न्यायला कॅनॉलमध्ये दोन फुटी दोन पाईप टाकून वर मुरूम भरून रस्ता केलाय. एक पाईप गाळानं जवळजवळ बुजलेला, दुसऱ्याच्या तोंडाला जुनी साडी आणि उसाचं पाचट.

आता लाज वाटते पण सांगतो. तो रस्ता आमच्याच टेलच्या लोकांनी केलाय. माझ्या सख्ख्या चुलतभावानं पुढाकार घेतला होता आणि वर्गणी मी पण दिलेली. चार वर्षं झाली. धबधबा कधी गेला ते आता लक्षात आलं.

---

ऊसवाला_मामा

हाहाहा. आणि शिव्या आम्हाला.

---

निवृत्त_ओव्हरसियर

हसू नका, ऐंशी टक्के वेळा हेच निघतं. मी असल्या क्रॉसिंगला पाठवलेल्या नोटिसांचा हिशोबच ठेवला नाही. कॅनॉलच्या कामात असा हात घालणं कर्नाटक इरिगेशन ॲक्ट १९६५ प्रमाणं गुन्ह्यात येतं, आणि बंधारा फोडणं तर येतंच, हे पण मीटिंगमध्ये सांग. म्हणजे ब्रेकर लावला असतास तर केस तुझ्यावर झाली असती, आणि दोष पाईपचा.

पाईपचं बघ. दोन फुटी पाईपचं तोंड सव्वातीन चौरस फुटाला जरा कमी, दोन मिळून सव्वासहा. सेकंदाला तीन फुटाच्या वेगानं धरलं तर दोन्ही साफ असताना अठरा-एकोणीस क्युसेक. तुमचा एक तर बुजलाय. जास्त पाणी रेटायचं तर पाईपच्या अलीकडं पाणी चढलं पाहिजे, ते चढलं, आणि चढत चढत बंधाऱ्यावर येऊन बसलं.

आता क्रम ऐक. आधी टेलकडनं वर साफ करत या, उलटं नाही. वरनं सुरू केलंत तर तुमचंच सुटलेलं गवत खाली जाऊन त्या पाईपात अडकणार. बेशरम वरनं छाटू नका, तिचा तुकडा ओल्या मातीत पडला की तिथंच फुटतो, मुळासकट काढा आणि काठावर न टाकता लांब टाका. पाणकणसाला पाणी बंद असताना मुळापासनं खणावं लागतं. मग पाईप.

पाईप साफ केलात तरी पुरणार नाही. तिथं उघडा स्लॅब पाहिजे, तळ कॅनॉलच्या मूळ तळाला आणि मध्ये खांब नको. परवानगी घेऊन करा. अर्ज कन्नडात द्या, मराठीतला घेतला तरी टेबलावर पडून राहतो हे मी आतल्या बाजूनं बघितलंय.

---

सीमेवरचा_मास्तर

अर्जाचा मजकूर पाहिजे तर मी लिहून देतो, शाळेत अर्धे पालक माझ्याकडनंच लिहून नेतात. तुमचा पाणी वापर सहकारी संघ नोंदलेला असेल तर अर्ज एकट्याच्या नावानं देऊ नका, संघाच्या लेटरहेडवर द्या आणि त्यात ते आकडे घाला, १०, साडेनऊ, १४ आणि साडेतेवीस. "पाणी कमी येते" असं लिहिलं की ती तक्रार होते, आकडे घातले की साहेबाला येऊन मोजावं लागतं.

---

रायबागचा_पोरगा

मास्तर पाठवा, उपकार होतील.

आणि अपडेट. परवा पाळी बंद होती तेव्हा पंचवीस माणसं उतरली, दोन दिवस लागले. पाईप बांबूनं आणि शेवटी ट्रॅक्टरला साखळी बांधून मोकळा केला. पाचट, साडी, दोन चपला, एक गेलेलं कासव. काल पाणी सुटलं. गेटवाल्याला मधलं आणि उजवं सारखं उघडायला लावलं, भोवरा अजून आहे पण निम्मा.

आता खालची पट्टी ५ इंचावर आली आणि बंधाऱ्यावर पांढरं पाणी दिसायलंय. आई बघायला आली होती, म्हणाली आवाज घरापर्यंत येतोय.

पण वरची पट्टी १० वरनं ८ वर उतरली. आणि सकाळी सहा वाजता वरचे चौघे माझ्या दारात. मोरीत पाणी कमी आलं म्हणून. मी त्यांना म्हणालो माथ्याला हात सुद्धा लावला नाही, तरी पटत नाही. काका आता हे का झालं?

---

निवृत्त_ओव्हरसियर

होणारच होतं, मी आधी सांगायला पाहिजे होतं.

पूर्वी १० इंच चढवून पण १४ क्युसेकच पलीकडं जात होतं. आता मोकळ्या बंधाऱ्यावरनं ८ इंचाला १७ जातंय. डोह उतरला म्हणजे मोऱ्यांवरचा दाब उतरला. वरच्यांना चार वर्षं फुकटचे दोन इंच मिळत होते, त्यांना तेच आता हक्काचे वाटतात. त्यांचा पण पूर्ण दोष नाही, त्यातल्या एखाद्यानं मोरी वर उचलून बसवली असेल ह्या चार वर्षांत. जाऊन बघ.

---

रायबागचा_पोरगा

दोघांनी उचलल्यात. नवीन पाईप, सिमेंट अजून पांढरं आहे. बाकी दोघांच्या जुन्या दगडी मोऱ्या, त्यांना आठ इंचाला पण बरं पाणी जातंय, ते नुसते बरोबर आले होते.

---

ऊसवाला_मामा

मग त्या दोघांनी खाली घ्यायला पाहिजेत बाबा. मी हेडचा असून सांगतो. पण एक हाय, आमच्यासारख्याला पाणी कधी चढतंय कधी उतरतंय ह्याचाच ताप. वर कॅनॉलला पाणी वाढलं की एका रात्रीत पिकात तळं आणि कमी झालं की कोरडं. पोती लावतो ते काय हौसेनं न्हाई.

---

वेदगंगेची_लेक

मामा ह्याला उत्तर पोत्यांत नाही, लांबीत आहे. बंधाऱ्याचा माथा सरळ आडवा न ठेवता बदकाच्या चोचीसारखा खालच्या बाजूला पुढं काढतात, तेवढ्याच रुंदीच्या कॅनॉलात तीस फूट लांबीचा माथा बसतो. जे १७ क्युसेक दहा फुटी माथ्याला ८ इंच मागतं ते तीस फुटी माथ्याला ४ इंचांत जातं. मग माथाच चार इंच उंच ठेवता येतो, भरलेल्या पाण्याला लेव्हल तीच राहते, आणि पाणी कमी-जास्त झालं तरी डोह दोन-चार इंचांपेक्षा जास्त हलत नाही. मोऱ्या खुश. मोरी म्हणजे पाण्याखालचं भोक, तिच्यावरचा दाब दहा टक्के वाढला तर पाणी पाचच टक्के वाढतं, बंधाऱ्यावर मात्र उंची दहा टक्के वाढली की पाणी पंधरा टक्के वाढतं. म्हणून जादा आलेलं बंधाऱ्यावरनं पुढं पळतं आणि मोरी स्थिर राहते.

पण हे गावानं कुदळ घेऊन करायचं काम नाही. खालची फरशी, काठाचं पिचिंग म्हणजे दगडी अस्तर, सगळं डिझाइन करून खात्यानंच केलं पाहिजे.

---

निवृत्त_ओव्हरसियर

डिझाइन करताना गाळाला तळाशी एक छोटं गेट ठेवायला सांगा, नाहीतर चोचीच्या मागं गाळ बसतो आणि मग पाच वर्षांनी परत इथंच भेटू. सध्या क्लोजरमध्ये, म्हणजे कॅनॉल बंद असताना, तीन कामं मागा, डाव्या गेटाचा स्क्रू, फरशीच्या टोकाची दुरुस्ती आणि दोन मोऱ्या जुन्या लेव्हलला. गेटाच्या स्क्रूला ग्रीस लावून घ्या तोवर, जळकं ऑइल नको.

---

रायबागचा_पोरगा

अर्ज काल दिला, मास्तरांनी लिहिलेला, पोच घेतली. मोऱ्या उचललेल्या दोघांतला एक तयार झालाय, दुसरा म्हणतो आधी तुमचा रस्ता काढा. बरोबरच आहे त्याचं. स्लॅबचा खर्च टेलच्या अकरा जणांत वाटायचा ठरलाय, चुलतभाऊ तेवढा फोन उचलंना. ब्रेकरवाल्याचा ॲडव्हान्स पाचशे गेला.

---

ऊसवाला_मामा

पाचशेत सुटलास. ती नळीची लेव्हल मला पण दाखव एकदा, माझ्या मोरीला पण चार वर्षांमागं मीच हात लावलेला हाय, कुणाला सांगू नको.